तुकड्यांचे भांडे
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लाकडी भांड्यांवर लेख द्यावा, हे पाहून मराठी विभागाच्या संपादकांनी मला विचारले, "यात हिशेबाचे काही आहे का?" आहे, आणि तो हिशेब मी एकदा चुकलो, म्हणूनच हा लेख लिहावयास बसलो आहे. वाचकांपैकी कोणास लेथ पाहावयास मिळाला असेल, कोणास नसेल. म्हणून आरंभापासूनच सांगतो.

लाकूड फिरवून त्यावर पटाशी धरून गोल वस्तू घडविण्याची कला आपल्याकडे जुनीच. मराठीत तिला कातकाम म्हणतात, ते करणारा तो कातारी. 'कातीव' हा शब्द आपण सुबक बांध्याला लावतो तो तेथूनच आला. सावंतवाडीची लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी, बंगळूर–म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टणची खेळणी ही सारी याच जातीची. चन्नपट्टणला जे लाकूड वापरतात त्याला कानडीत 'हाले' म्हणतात, मराठीत काळा कुडा. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकविली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते आणि वरून केवड्याचे पान दाबले की चकाकी येते. जुन्या चरकात एक माणूस दोरी ओढी व लाकूड आळीपाळीने उलटसुलट फिरे. कापणे फक्त एकाच दिशेच्या फेऱ्यात होई. विजेच्या मोटारीने लाकूड एकाच दिशेने अखंड फिरू लागले एवढाच मूळ फरक.

परंतु ही सारी कामे एकसंध लाकडाची. मला सांगावयाचे आहे ते निराळे. लाकडाचे लहान लहान तुकडे कोनात कापून, चिकटवून त्यांचे कडे करावयाचे. कड्यावर कडे रचावयाचे आणि मग ती रास लेथवर चढवून भांडे कातावयाचे. परदेशात याचे छांदिष्ट पुष्कळ आहेत. आपल्याकडे मात्र ही विद्या शोभेच्या भांड्यांसाठी नव्हे, ओतकामासाठी रुजली. बिडाचा कोणताही भाग ओतावयाचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो; तो वाळूत दाबून पोकळी करतात आणि तीत रस ओततात. चाक, पुली, पंपाचे कवच असे गोल पॅटर्न एकसंध फळीचे केले तर हवेबरोबर वाकडे होतात. म्हणून पॅटर्न-मिस्त्री ते तुकड्यांच्या कड्यांचे करतात. बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूर ही ओतकामाची मोठी ठिकाणे. त्यामुळे आमच्या भागात हे काम जाणणारी माणसे आढळतात. लक्ष्मणराव किर्लोस्करही आमच्याच बाजूचे, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मुंबईत ड्रॉइंग शिकविण्याची नोकरी सोडून ते बेळगावास आले, सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये कुंडल रोडला किर्लोस्करवाडी वसविली. त्याच घराण्याच्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीने १९४१ पासून हरिहरला लेथ बनविले. तो कारखाना बंद पडला, तरी तेथील लेथ अजून अनेक शेडमध्ये फिरत आहेत.

आमच्या मळमड्डीत, स्टेशनाच्या बाजूला, असे एक निवृत्त पॅटर्न-मिस्त्री राहतात. त्यांना आम्ही सगळे मिस्त्रीमामा म्हणतो. उमेदीची वर्षे त्यांनी उद्यमबागेत काढली. आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लाकडाचा लेथ, एक कोन लावता येणारी मशीन-करवत आणि असंख्य पटाश्या आहेत. ते माझ्याशी कानडीत बोलतात, मी अर्धे कानडीत, अर्धे मराठीत. आकडे मात्र ते मराठीत मोजतात, बेळगावची सवय.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या घराच्या सोप्यातील सागवानी खांबाचा बुंधा वाळवीने खाल्ला, म्हणून त्या जागी लोखंडी पाइप उभा केला. खांब निघाला तेव्हा वरचा भाग शाबूत होता. पण खिळ्यांची भोके, तुळईची खाच, एका बाजूस लांब तडा. एकसंध ठोकळा म्हणून त्याची किंमत शून्य. आजी म्हणाली, "याच्या आड लपून तुझ्या बाबांनी किती मार चुकवलाय! काहीतरी कर याचं." आजी रोज पहाटे अंगणातील पारिजातकाची फुले वेचते, तिची वेताची परडी मोडली होती. तिला एक पसरट वाडगा करून द्यावा असे मी ठरविले व खांब सायकलवरून मामांकडे नेला.

आता रीत सांगतो. पहिले काम कागदावर. आलेखाच्या कागदावर भांड्याचा अर्धा छेद खऱ्या मापाने काढावयाचा. माझा वाडगा तोंडाशी २० सें.मी. व्यासाचा, १२ सें.मी. उंच, कडी २ सें.मी. जाडीची, म्हणजे सहा. चित्रावर दर २ सें.मी.ला आडवी रेघ मारली की प्रत्येक कड्याची बाहेरील व आतील त्रिज्या मिळते. दोन्हीकडे तीन-चार मिलिमीटर वाढवून घ्यावयाचे. वाडगा खाली निमुळता, म्हणून खालची कडी लहान.

एका कड्यात बारा तुकडे धरले (मी त्यांना पाकळ्या म्हणतो) तर ३६० भागिले १२, म्हणजे प्रत्येक पाकळीचा कोन ३० अंश. तो दोन बाजूंत वाटला की प्रत्येक काप १५ अंशांचा. पाकळीची बाहेरची लांबी काढावयास त्रिज्येला टॅन १५ ने गुणून दुप्पट करावयाचे. त्रिज्या १०, टॅन १५ म्हणजे ०.२६८, उत्तर सुमारे ५.४ सें.मी. शाळेत टॅन-कॉट पाठ करताना हे कोठे उपयोगी पडणार, असे मी गुरुजींना विचारले होते. त्यांची क्षमा मागतो.

पाकळ्या कापताना पट्टी दर कापानंतर उलटावयाची. तिरका काप दोन शेजाऱ्यांना सामाईक पडतो आणि करवतीच्या तोंडाखेरीज काही वाया जात नाही. ३ सें.मी. रुंद पट्टी घेतली तर पाकळीची आतली बाजू ३.७ सें.मी.च्या आसपास येते. सरासरीने बारा पाकळ्यांना ५५ सें.मी. आणि करवत दर कापास ३ मि.मी. खाते ते धरून सुमारे ५८ सें.मी. पट्टी पुरते. येथे माझ्यातला वाणिज्याचा विद्यार्थी जागा झाला. एकसंध ठोकळ्यातून हाच वाडगा कातावयाचा तर निदान २० बाय २० बाय १२, म्हणजे ४८०० घन सें.मी. लाकूड हवे. सहा कडी सगळीच मोठी धरली तरी ५८ बाय ३ बाय २ गुणिले ६, म्हणजे २१०० घन सें.मी.च्या आत काम होते. निम्म्याहून कमी! मी हा हिशेब मामांना मोठ्या ऐटीत दाखविला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "आणि बहात्तर तुकडे कापायची मजुरी कुठं लिहिलीस?"

एक धोक्याची सूचना. पाकळी लहान असते. ती बोटांनी धरून करवतीला कधीही लावू नये. लांब पट्टीच धरावी, पाकळी तुटून बाजूला पडू द्यावी आणि करवत थांबल्यावरच उचलावी. मामांच्या डाव्या तर्जनीचे पेर नाही. त्याविषयी ते बोलत नाहीत. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोराला ते बोट मात्र दाखवितात.

आता कोनाच्या अचूकपणाविषयी. समजा करवत १५ अंशांऐवजी एक दशांश अंशाने चुकली. दिसावयास काहीच नाही. पण कड्यात चोवीस कापलेल्या बाजू असतात; चूक चोवीस वेळा साठते आणि २.४ अंश होते. १० सें.मी. त्रिज्येवर ती फट चार मिलिमीटरांची. चक्रवाढ व्याज नव्हे, साधेच. पण हप्ते चोवीस. माझे पहिले कडे जुळविले तेव्हा शेवटच्या दोन पाकळ्यांमध्ये दोन रुपयांचे नाणे जाईल एवढी फट राहिली. मी करवतीचा कोन पुन्हा पुन्हा लावू लागलो. मामा म्हणाले, "अवसर माडब्याड, तम्मा," म्हणजे घाई करू नकोस, आणि त्यांनी पॅटर्नवाल्यांची युक्ती दाखविली. बाराही पाकळ्या एकदम चिकटवावयाच्याच नाहीत. सहा-सहांची दोन अर्धी कडी करावयाची. दोन्ही अर्ध्यांच्या समोरासमोरच्या सांध्यांत सरस न लावता आगकाडी ठेवून सारे एकत्र आवळावयाचे. जी काही चूक असेल ती या दोन कोरड्या सांध्यांत गोळा होते. सुकल्यावर प्रत्येक अर्ध्याची सपाट बाजू काचेवर चिकटविलेल्या पॉलिशपेपरवर घासावयाची. दोन्ही अर्धी उजेडासमोर धरून मध्ये प्रकाश दिसेनासा झाला की जोडावयाची.

आवळावयास मामांकडे महागडे पट्टे नव्हते; सायकलच्या जुन्या ट्यूबच्या फिती होत्या. चिकटविण्यास पूर्वी जनावरी सरस तापवून लावीत, आता फेव्हिकॉल. कोप्पळकडील किन्नाळचे खेळणीवाले चिंचोक्याची खळ वापरतात असे मामांनी सांगितले, पण ते कातकाम नव्हे. पाकळीची कापलेली बाजू म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडे; ती गोंद पिऊन टाकतात. म्हणून आधी पातळ हात द्यावयाचा, तो मुरला की दुसरा. सागवानात तेल असते, तेव्हा ताज्या कापलेल्या बाजूलाच लावावे, आठवडाभर पडलेल्या नाही. इतके करूनही हा सांधा एकटा दुबळाच. खरी ताकद येते ती वीटकामासारख्या रचनेने: वरच्या कड्याचे सांधे खालच्या पाकळ्यांच्या मध्यावर आले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक कडे १५ अंशांनी फिरवून बसवावयाचे.

रास लेथवर बसविताना मधे कागद घालून चिकटविण्याची पद्धत आहे. लेथच्या तबकडीवर टाकाऊ लाकूड, त्यावर कागद, त्यावर भांडे. काम झाल्यावर पटाशी घालून टिचकी मारली की कागद फाटतो, भांडे सुटते. वेग बेताचा, आम्ही मिनिटाला सुमारे ७०० फेऱ्यांवर राहिलो. ऐकावयास हे थोडे वाटते. परंतु २० सें.मी. व्यासाच्या कडेचा वेग त्या वेळी ताशी सव्वीस किलोमीटर असतो. एखादी पाकळी सुटली तर त्याच वेगाने तोंडावर येते. म्हणून आधी हाताने फिरवून पाहावे, तोंडावर काच बांधावी आणि मोटार सुरू करताना समोर उभे न राहता बाजूस उभे राहावे. कातण्याचे सुख मात्र असे की, सर्व पाकळ्यांत लाकडाच्या रेषा परिघाबरोबर गेलेल्या असल्याने पटाशीला फेरीभर एकसारखे लाकूड लागते. एकसंध वाडग्यात प्रत्येक फेरीत दोनदा आडवे लाकूड समोर येते व पटाशी धक्का खाते. येथे साल निघावी तशी लांब ढलपी निघते. त्या दिवशी जुलैचा पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि साठ-सत्तर वर्षांच्या खांबातून नव्या सागवानासारखा वास येत होता.

तळाला मी त्याच खांबाची १२ सें.मी.ची एक अखंड गोल चकती सगळीकडून गोंद लावून घट्ट चिकटविली. मामा त्या दिवशी लग्नाला हुबळीला गेले होते. त्यांची वाट पाहावयास हवी होती. आजीने वाडगा घेतला, चपड्याचे पॉलिश वाळण्याआधीच फुले वेचली, आणि मी शेजारीपाजारी पुष्कळ मिरविले.

मार्चमध्ये एके सकाळी आजीने वाडगा माझ्यापुढे ठेवला. तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर, आणि सर्वांत खालच्या कड्याचा एक सांधा उघडलेला. "पडला नाही रे माझ्या हातून," ती म्हणाली. ती पाडणार नाही हे मला ठाऊक होते. त्याच महिन्यात घर विकण्याचे नक्की झाले होते. मे अखेर ताबा द्यावयाचा, आजीने बेळगावास आत्याकडे जावयाचे आणि तेथे अपार्टमेंट उठावयाचे. कराराप्रमाणे घराचे सारे लाकूड घेणाऱ्याचे.

मामांनी वाडगा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "कट्टिगी उसिराडतैति." लाकूड श्वास घेते. त्याचा अर्थ असा. हवेतील ओलाव्याने लाकूड फुगते व आटते. पण सर्व दिशांनी सारखे नव्हे. रेषांच्या लांबीत जवळजवळ शून्य. रेषांना आडवे मात्र बरेच, आणि खोडाच्या वर्तुळाबरोबर जाणाऱ्या दिशेत तर त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट. कड्याच्या पाकळ्यांत रेषा परिघाबरोबर असल्याने कड्याचा घेर बदलत नाही. भिंतीची जाडी व उंची केसभर बदलते, ती कोणास दिसत नाही. अखंड चकती मात्र एका दिशेने आटते, दुसऱ्या दिशेने नाही. ती गोलच राहू शकत नाही. धारवाडच्या जुलैत चिकटविलेली १२ सें.मी.ची चकती मार्चच्या कोरड्या वाऱ्यात दीड-दोन मिलिमीटर आटावयास निघाली. भोवतीचे कडे तिला आटू देईना. मग दोघांपैकी एकाने फाटावयाचे. येथे दोघेही फाटले. जुन्या दारांत चौकटीच्या खाचेतली फळी सुतार का चिकटवीत नाहीत, नुसती बसवितात, हे मला त्या दिवशी कळले. घरातील प्रत्येक दार मला वर्षानुवर्षे हेच सांगत होते.

कॉस्टिंगमध्ये आम्हांस नॉर्मल लॉस आणि ॲबनॉर्मल लॉस असे दोन प्रकार शिकवितात. ढलप्या, भुसा, करवतीने खाल्लेले हे नॉर्मल. ते मालाच्या किमतीत सामावते. तळाची चीर ॲबनॉर्मल. ती थेट नफातोट्याच्या खात्यावर, म्हणजे माझ्या नावावर. नवा वाडगा करावा तर लाकूड कोठे होते? खांबाचे उरलेले तुकडे आजीनेच हिवाळ्यात पाणी तापविण्याच्या बंबात घातले होते. शोधून एक पट्टी सापडली, ४५ सें.मी.ची.

मामांनी ठरविले की वाडगा जगवावयाचा. तो पालथा करून तोंड एका लाकडी तबकडीच्या खाचेत दाबून बसविला आणि सर्वांत खालचे कडे चिरलेल्या तळासकट कातून टाकले. बारा सें.मी.चा वाडगा दहाचा झाला. मग खालच्या कडेला आतून एक पायरी कातली. तळासाठी हळदूची ८ मि.मी. जाडीची, ११ सें.मी.ची चकती घेतली. या पिवळट लाकडास मराठीत हळदू म्हणतात, कानडीत अरिशिण तेग. दोन्ही भाषांना त्याच्या रंगावरून हळदच आठवली. चकती पायरीत सैल ठेवावयाची, भोवती दीड-दीड मिलिमीटर मोकळे. कारण आता एप्रिल होता, लाकूड पुरते आटलेले, पावसात ते फुगणार. फक्त रेषांच्या दोन टोकांना मधोमध गोंदाचा एकेक थेंब, तळ खडखडू नये एवढ्यापुरता. आणि खालून तिला अडवून धरावयास नवे पायाचे कडे.

हे कडे १४ सें.मी. व्यासाचे. त्रिज्या ७, म्हणून पाकळी ३.७५ सें.मी.; पट्टी २.५ सें.मी. रुंद, करवतीसकट हिशेब झाला ४१ सें.मी. माझी पट्टी ४५. एक पाकळी चुकली तर दुसरी मिळणार होती, दोन चुकल्या तर नाही. मी मामांना कापण्याची विनंती केली. त्यांनी करवतीची कळ माझ्यापुढे सरकविली व स्वतः दारात जाऊन बसले. बारा कापांना मला सकाळचे दोन तास लागले. एकही चुकला नाही हे माझे कौशल्य नव्हे. प्रत्येक कापाआधी मी तेच बोट आठवीत होतो.

पायाचे कडे बसविण्यापूर्वी मामांनी आतून, ओठाच्या कडेकडेने, चकतीवर पेन्सिलीची बारीक रेघ मारावयास लावली. का, ते सांगितले नाही. "श्रावणात बघ," एवढेच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आजी बेळगावास गेली. वाडगा तिने मांडीवर घेऊन बसमध्ये नेला. आत्याकडे पारिजातक नाही, तगर आहे. श्रावणात मी गेलो तेव्हा चार दिवस पाऊस थांबला नव्हता. फुले बाजूस काढून तळ पाहिला. रेषांच्या लांबीकडच्या दोन्ही बाजूंस पेन्सिलीची रेघ होती तशी होती. आडव्या बाजूंना ती दिसत नव्हती. चकती फुगून रेघ ओठाखाली गेली होती. सांधे सर्व मिटलेले. आजीला मी बोट ठेवून दाखवू लागलो, तर ती म्हणाली, "एवढं चांगलं भांडं केलंस, आणि आत पेन्सिलीनं कोणी रे गिरवून ठेवलंय?"